विजेवर चालणारी एसयूव्ही घरी चार्ज केली, तर प्रति किलोमीटर खरा खर्च किती येतो?

वारजेकर, पुणे
१२ जानेवारी २०२५

नमस्कार. माझ्याकडे २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी एसयूव्ही आहे. ती बदलून ४५ किलोवॅट-तास, म्हणजे ४५ युनिट, बॅटरीची विजेवरची एसयूव्ही घ्यावी, असा विचार गेले सहा महिने घरात सुरू आहे. वारजे ते हिंजवडी असे रोजचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि शनिवार-रविवारची इकडची-तिकडची कामे धरून महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर होतात. वर्षातून तीन-चार वेळा चिपळूणजवळच्या गावी कुंभार्ली घाटाने जाणे होते. सध्याच्या गाडीचे ॲव्हरेज मी तीन महिने टाकी काठोकाठ भरून मोजले आणि ते लिटरला १३ किलोमीटर भरले. मार्च २०२४ मध्ये लिटरमागे दोन रुपये उतरल्यापासून पुण्यात पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये केवळ पेट्रोलचे जातात.

माझी अडचण विजेच्या बाजूच्या हिशेबाची आहे. गाडी पाहायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने कागदावर मांडून दाखवले की ४५ युनिट गुणिले सहा रुपये म्हणजे २७० रुपये, त्यात गाडी ३०० किलोमीटर जाते, म्हणून किलोमीटरला ९० पैसे पडतात. घरी आल्यावर मी महावितरणचे बिल काढून पाहिले, तर त्यावर एक दर नसून चार दर आहेत, शिवाय वहन आकार, स्थिर आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क वेगळे आहे. आमचा वापर हिवाळ्यात महिन्याला १८० युनिट असतो आणि मे महिन्यात एसीमुळे तो ३२० पर्यंत जातो. यातला कोणता दर गाडीच्या माथी मारायचा, हे मला समजत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा आहे. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीखाली ठरलेले पार्किंग आहे. मीटरची खोली तळमजल्यावर, पार्किंगपासून साधारण ४० मीटरवर आहे. सोसायटीचे म्हणणे असे की स्वतंत्र वायर ओढण्याऐवजी सामाईक मीटरवरून घ्या, आम्ही सबमीटर लावून देतो. ज्यांनी प्रत्यक्ष वर्षभर गाडी वापरली आहे, त्यांनी कृपया आकड्यांसह मार्गदर्शन करावे.


नोंदवही, नाशिक
१२ जानेवारी २०२५

वारजेकर साहेब, आपण बिल काढून पाहिलेत, हे फार चांगले केलेत, कारण या विषयातली बहुतेक गफलत त्या कागदावरच्या हिशेबातूनच होते. त्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही गाडी स्वस्त दाखवण्याच्या दिशेने आहेत.

पहिली चूक दराची. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मार्च २०२३ च्या आदेशाप्रमाणे ३१ मार्च २०२५ पर्यंत महावितरणच्या घरगुती ग्राहकाला वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे असा दर आहे. वर १६ टक्के वीज शुल्क लागते. विक्रेत्याने धरलेला सहा रुपयांचा दर हा फक्त पहिल्या शंभर युनिटांचा आहे, आणि ती शंभर युनिटे आपल्या घरातला फ्रिज, गिझर, पंखे आणि मिक्सर यांनी गाडी दारात येण्यापूर्वीच संपवलेली असतात. गाडी घरात सर्वांत शेवटी आलेली असल्यामुळे तिची युनिटे ढिगाच्या वरच बसतात आणि तिला वरचाच दर लागतो.

दुसरी चूक युनिटांची. गाडीच्या पडद्यावर दिसणारा वापर बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचा असतो, तर बिल भिंतीतून घेतलेल्या विजेचे येते. एसी विजेचे डीसी करताना गाडीतला चार्जर तापतो, चार्जिंग चालू असताना गाडीचे संगणक आणि कूलंटचा पंप चालू राहतो, आणि ही वीज कुणाच्याही खिशातून नाही तर आपल्याच खिशातून जाते. मी गाडी घेतली, त्याच आठवड्यात मुख्य मीटरशेजारी चार्जिंगसाठी वेगळा सबमीटर बसवला आणि गेले तेरा महिने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा आकडा वहीत लिहितो आहे. बाहेरच्या चार्जिंगवर झालेले किलोमीटर वजा केले, तर घरच्या विजेवर गाडी १५,६४० किलोमीटर चालली आणि सबमीटर २,६९० युनिट फिरला. म्हणजे शंभर किलोमीटरला १७.२ युनिट. पडद्यावर मात्र सरासरी १५ युनिट दिसते. बॅटरीत गेलेल्या प्रत्येक शंभर युनिटांमागे मीटरवर जवळजवळ ११५ मोजली गेली. १५ अँपिअरच्या सॉकेटवर सावकाश चार्जिंग केले, की हे प्रमाण थोडे वाढते, कारण संगणक आणि पंप तितक्याच जोराने पण जास्त तास चालतात.

आता आपला हिशेब करू. शंभर किलोमीटरला १७ युनिट धरले, तर १,२०० किलोमीटरला २०४ युनिट लागतील. हिवाळ्यात घरची १८० धरून एकूण ३८४ होतात. गाडीच्या २०४ पैकी १२० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये पडतात, त्यांचे १,३७५ रुपये. उरलेली ८४ तिसऱ्या स्लॅबमध्ये, त्यांचे १,३२० रुपये. सोळा टक्के शुल्क चढवले की ३,१२७ रुपये होतात आणि किलोमीटरला २ रुपये ६१ पैसे पडतात. मे महिन्यात घरची ३२० युनिट असताना गाडीची १८० युनिट तिसऱ्या आणि २४ युनिट चौथ्या स्लॅबमध्ये जातील, म्हणजे शुल्कासह ३,७७८ रुपये, किलोमीटरला ३ रुपये १५ पैसे. इंधन समायोजन आकार काही महिने लागतो, काही महिने लागत नाही, तो यात धरलेला नाही. पेट्रोलला आपले ९,६०० रुपये जातात. बचत मोठीच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती ९० पैशांवर उभी नसून अडीच ते सव्वातीन रुपयांवर उभी आहे.


जमाखर्च, औरंगपुरा
१३ जानेवारी २०२५

नोंदवही यांचा तपशील उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर मला वेगळे वाटते. एकाच मीटरवर आलेल्या विजेत ही फ्रिजची आणि ती गाडीची, असा भेद करण्याला काय आधार आहे? ३८४ युनिटांचे शुल्कासह पण स्थिर आकार वगळून ४,८७३ रुपये होतात, म्हणजे सरासरी युनिटला १२ रुपये ६९ पैसे पडतात. त्या दराने गाडीची २०४ युनिटे २,५८९ रुपयांची होतात. घरातली प्रत्येक वस्तू सरासरी दरानेच वीज वापरते, असे धरणे मला अधिक न्याय्य वाटते.


नोंदवही, नाशिक
१३ जानेवारी २०२५

आपला प्रश्न रास्त आहे. घरखर्चाची वाटणी करायची असेल, उदाहरणार्थ दोन भाऊ एकाच मीटरवर राहतात आणि गाडी एकाचीच आहे, तर सरासरी दर धरणे योग्यच ठरेल. पण वारजेकरांना वाटणी करायची नाही, गाडी घ्यावी की घेऊ नये हे ठरवायचे आहे. त्यांनी गाडी घेतली नाही, तर त्यांचे बिल स्थिर आकार सोडून १,७४६ रुपये येईल, आणि घेतली तर ४,८७३ येईल. मधले ३,१२७ रुपये दुसऱ्या कोणत्याही वस्तूमुळे आलेले नाहीत. फ्रिज तर दोन्ही बिलांत तोच आहे.

म्हणून मी सर्वांना सांगतो की दरांच्या कोष्टकात अडकू नका. आपल्या नेहमीच्या बिलात गाडीची युनिटे मिळवून महावितरणच्या संकेतस्थळावर बिलाची आकारणी करून पाहा आणि मूळ बिल त्यातून वजा करा. जे उरेल, तेच गाडीचे इंधन.


सचिवपद, ठाणे
१३ जानेवारी २०२५

सोसायटीच्या प्रश्नावर लिहितो, कारण चार वर्षे आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीचे काम पाहताना या एका विषयावर दोन सर्वसाधारण सभा रात्री बारापर्यंत चाललेल्या मी पाहिल्या आहेत.

सामाईक मीटरवरून वीज घेण्याचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्याचा दर कुणी विचारत नाही. राहत्या सोसायटीचे जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचे पंप घरगुती दरानेच आकारले जातात आणि हा वापर महिन्याला ५०० युनिटांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. याचा अर्थ असा की त्या मीटरवर जोडलेल्या गाडीचे पहिले युनिटसुद्धा १७ रुपये ८१ पैशांच्या स्लॅबमध्ये पडते, आणि शुल्क धरून ते २० रुपये ६६ पैशांना जाते. वारजेकरांची २०४ युनिटे तिथे ४,२१५ रुपयांची होतील, स्वतःच्या मीटरपेक्षा हिवाळ्यात जवळजवळ अकराशे रुपयांनी जास्त.

आता सोसायटी आपल्याला सबमीटरवर आठ किंवा दहा रुपये दर लावत असेल, तर आपण खूश होण्याआधी एवढेच लक्षात घ्या की उरलेले दहा-बारा रुपये देखभाल खर्चातून, म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही त्या सभासदांकडून जात आहेत. आमच्याकडे नेमके हेच झाले. पहिल्या दोन गाड्यांना तत्कालीन समितीने आठ रुपये दर दिला, वर्षभराने गाड्या नऊ झाल्या, आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सभेत उभे राहून वीजबिलांची तीन वर्षांची फाइल उघडून दाखवली, तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हते. त्या बाई बरोबर होत्या आणि आम्ही चुकलो होतो, हे मी त्या सभेतही म्हणालो होतो.

त्यावर दोन सरळ मार्ग आहेत. ज्याला स्वतःच्या मीटरवरून वायर ओढता येते, त्याने ती ओढावी, आणि समितीने नळीचा मार्ग, एमसीबी (जादा प्रवाह होताच वीज तोडणारा स्विच) व लायसनधारक ठेकेदार यांची अट घालून परवानगी द्यावी. ज्या इमारतीत मीटर आणि पार्किंग यांचे अंतर फार आहे किंवा गाड्या पाच-सहाच्या वर गेल्या आहेत, तिथे सोसायटीने चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी घ्यावी. वाहन चार्जिंगची दरवर्गवारी वेगळी असून तिला स्लॅब नाहीत. एकच दर, मंजूर भारावर मागणी आकार, आणि दिवसाच्या वेळेनुसार काही तासांना सवलत व संध्याकाळी अधिभार अशी तिची रचना आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्ती करून ग्राहकाला अशी स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला आहे. आपण सभासदांना वीज विकतो आहोत काय, आणि त्यासाठी परवाना लागेल काय, अशी भीती समित्यांना असते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला आहे की गाडी चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे आणि तिला वीज कायद्याखालील परवाना लागत नाही.

एकट्या माणसाने स्वतंत्र जोडणी घ्यावी का, तर मागणी आकार गाडी उभी असली तरी भरावा लागतो, त्यामुळे ज्यांचा घरचा वापर गाडीशिवायच तीनशे युनिटांच्या वर जातो आणि धावणेही भरपूर आहे, त्यांनाच ती परवडते. वारजेकरांना माझ्या मते घरचा मीटर पुरेसा आहे.


तारतम्य, कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

मी विद्युत ठेकेदार आहे आणि गेल्या तीन वर्षांत साठ-सत्तर घरी गाड्यांची चार्जिंग जोडणी केली आहे. दराचा हिशेब वरच्या मंडळींनी चोख केला आहे, पण वायर आणि सॉकेट यांचाही खर्चाशी संबंध आहे, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम, वारजेकर, आपल्याला ७.२ किलोवॅटच्या चार्जरची गरज आहे असे मला वाटत नाही. रोजच्या ४० किलोमीटरला सात युनिटांच्या आतच लागतात आणि गाडीसोबत येणारा ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर ते काम दोन तासांत, फार तर सव्वादोन तासांत करतो. रिकाम्या बॅटरीला त्याच्यावर पंधरा तासांच्या वर लागतात हे खरे, पण आपली बॅटरी रोज रिकामी होणार नाही. ७.२ चा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, अनेकदा तीन फेजची जोडणी घ्यावी लागते, आणि तीन फेजचा स्थिर आकार एक फेजच्या तिपटीहून थोडा अधिक आहे, जो गाडी चालो न चालो दर महिन्याला बिलावर येतो. विक्रेते गाडीबरोबर मोठा चार्जर बसवून देण्याचा आग्रह धरतात. रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर असतील किंवा घरी अशा दोन गाड्या असतील, तर तो जरूर घ्यावा.

पण छोटा चार्जर आहे म्हणून गिझरच्या सॉकेटमध्ये खोचून चालत नाही. ३.३ किलोवॅट म्हणजे साडेचौदा अँपिअरच्या जवळपास. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र तेवढाच प्रवाह तासन् तास ओढत राहते. गेल्या पावसाळ्यात एका घरी मला बोलावले होते. तक्रार अशी की चार्जिंग मध्येच थांबते आणि पडद्यावर अर्थिंगचा दोष दिसतो. मी प्लग ओढला, तर तो सहज निघेना. निघाला तेव्हा त्याची एक पितळी पिन निळसर-काळी पडलेली होती, सॉकेटच्या त्या बाजूचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन आत ओघळले होते आणि भिंतीला हात लावला तर ती कोमट लागत होती. सॉकेट नामांकित होते, वायर मात्र पंधरा वर्षांपूर्वीची अडीच चौरस मिलिमीटरची आणि स्क्रू दोन फेरे ढिला होता. एवढ्या ढिल्या स्क्रूने घर पेटू शकते.

वायरच्या जाडीचा हिशेबही द्यावासा वाटतो. आपले अंतर ४० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तांबे. अडीचची वायर घातली तर साडेचौदा अँपिअरला वायरमध्येच सव्वाशे वॅटच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते. सहाची घातली तर ती पन्नास वॅटवर येते. आपल्या २०४ युनिटांना महिन्याला बासष्ट तास चार्जिंग लागेल, त्यात हा फरक चार-साडेचार युनिटांचा, म्हणजे तिसऱ्या स्लॅबच्या दराने ऐंशी रुपयांच्या घरात पडतो. जाड वायरचा जादा खर्च काही वर्षांत वसूल होतो आणि वायर थंड राहते, हा लाभ वेगळाच. नोंदवही यांनी सबमीटर मुख्य मीटरशेजारी बसवला, ते योग्य केले. गाडीपाशी बसवला असता, तर वायरमध्ये गेलेली वीज त्यात मोजलीच गेली नसती.

बाकी, मीटरच्या खोलीतून स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), पार्किंगमध्ये निळा औद्योगिक सॉकेट आणि स्वतंत्र अर्थिंगची पट्टी एवढे करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज चार्जिंग चालू असताना मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल, तर आधी अर्थिंग नीट करावे आणि मग गाडी जोडावी.


माहुली, सातारा
१५ जानेवारी २०२५

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. माझी परिस्थिती थोडी वेगळी आहे. मी सातारा शहरात राहते, शाळा आणि घर यांत जेमतेम सहा किलोमीटर अंतर आहे, महिन्याला सगळे मिळून ४५० किलोमीटर होतात. माझी पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. घरचा वीजवापर १५० युनिट आहे. माझे यजमान म्हणतात की पेट्रोलवर पैसे जाळण्यापेक्षा विजेची एसयूव्ही घेऊ. दोन्ही गाड्यांच्या किमतीत आम्हाला चार लाखांचा फरक सांगितला आहे. तो भरून निघेल का?


नोंदवही, नाशिक
१५ जानेवारी २०२५

ताई, आपल्याला महिन्याला साधारण ७७ युनिट लागतील आणि ती सगळी दुसऱ्याच स्लॅबमध्ये बसतील. शुल्कासह १,०२० रुपये, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. दर किलोमीटरचा खर्च वारजेकरांपेक्षा आपल्याला कमीच पडतो. पण पेट्रोलचा आपला मूळ खर्चच ३० लिटर, ३,१०० रुपयांचा आहे. बचत महिन्याला २,१०० आणि वर्षाला २५,००० रुपये. चार लाखांना सोळा वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर एवढीच देतात. आपली सध्याची गाडी चांगली चालत असेल, तर इंधनाच्या बचतीसाठी ती विकू नये, असे मी मनापासून सांगेन. धूर नको, गिअर नकोत, गाडी शांत हवी, अशी कारणे असतील तर ती आपली इच्छा आहे आणि तिला हिशेबाची गरज नाही.

एक जोड. कुणी कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची प्राप्तिकर सवलत मिळेल असे सांगत असेल, तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या गाडीच्या हिशेबात ती धरू नका. वाहन नोंदणीवरचा कर आपल्या राज्यात विजेच्या गाड्यांना माफ आहे आणि जीएसटी पाच टक्के आहे, पण हे दोन्ही लाभ चार लाखांच्या त्या फरकात आधीच उतरलेले आहेत, ते पुन्हा वेगळे मोजू नयेत.


अंत्रुजकर, फोंडा
१५ जानेवारी २०२५

गोव्याची बाजू थोडक्यात सांगतो. आमच्याकडे घरगुती विजेचा सर्वांत वरचा स्लॅबसुद्धा युनिटला सात रुपयांच्या आत आहे. १७ युनिटांना शंभर किलोमीटर धरले, तर वरच्या दरानेही किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत काम होते. पेट्रोल मात्र पुण्यापेक्षा सात-आठ रुपयांनी स्वस्त आहे. ज्यांची घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, अशा सावंतवाडी-बांद्याकडच्या मंडळींना हा फरक बिलात लगेच दिसतो. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या माणसाने सांगितलेला प्रति किलोमीटर खर्च, तो कितीही प्रामाणिक असला तरी, आपल्या घराला तसाच लावू नये.


वारजेकर, पुणे
१८ जानेवारी २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वजाबाकीची रीत वापरून मी मागच्या बारा महिन्यांच्या प्रत्येक बिलावर २०४ युनिट चढवून पाहिले. आठ महिने हिवाळ्यासारखे आणि चार महिने उन्हाळ्यासारखे धरले, तर वर्षाची बचत ७५,००० रुपयांच्या आसपास येते. चार लाखांचा फरक भरून यायला पाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. गाडी मी दहा वर्षे वापरतो, त्यामुळे घेण्याचा निर्णय पक्का केला आहे. विक्रेत्याच्या ९० पैशांवर विसंबलो असतो, तर हा काळ मी चार वर्षांहूनही थोडा कमी धरला असता आणि पहिल्याच मे महिन्याच्या बिलाने दचकलो असतो.

गावच्या फेरीचा हिशेब वेगळा मांडला. बाहेरच्या जलद चार्जिंगला कर धरून युनिटला पंचवीस रुपये पडले, तर किलोमीटरला चार ते साडेचार रुपये होतात. कुंभार्ली चढताना वापर वाढेल, उतरताना काही वीज परत मिळेल. वर्षाच्या तीन-चार फेऱ्यांनी एकूण चित्र बदलत नाही. सामाईक मीटरचा पर्याय मी समितीला लेखी नाकारला असून सचिवपद यांचा मुद्दा पत्रात नमूद केला आहे. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरचा अंदाज मागवला आहे. एक शंका राहिली. बिल अडीच पटीहून अधिक वाढल्यावर महावितरण सुरक्षा ठेव वाढवून मागते का?


नोंदवही, नाशिक
१८ जानेवारी २०२५

होय, मागते. २०२१ च्या पुरवठा संहितेप्रमाणे दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट असावी लागते आणि वर्षातून एकदा तिचा आढावा घेतला जातो. गाडीचे महिन्याचे ३,१०० रुपये धरले, तर वर्षभरानंतर सुमारे ६,२०० रुपये अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येईल. तो खर्च नाही, त्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते होते. पण नेहमीच्या बिलासोबत दुसरा कागद आला की लोक घाबरतात, म्हणून त्या महिन्यासाठी एवढी रक्कम बाजूला ठेवावी. आणि सबमीटरचा पहिला आकडा गाडी घरी यायच्या आधीच, शून्य असला तरी, तारखेसह लिहून ठेवा.